उपोषणाच्या मंडपात पाहुणे

"सर, पहिल्या भाकरीला सगळ्यात जास्त समाधान, दुसरीला कमी, तिसरीला त्याहून कमी. मग चौथी भाकरी माणूस खातोच कशाला?"

अस्मितानं हा प्रश्न विचारला तेव्हा मी उपोषणाला बसलो होतो. बसलो होतो म्हणजे खरं तर आडवा पडलो होतो. तहसील कचेरीसमोर आमचा मंडप होता आणि मंडपात सतरंजीवर मी, उशाला बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि नेमका घटत्या उपयोगितेचा धडा शिकवायला आला होता. त्या धड्यात भाकरी, केळी आणि आंबे यांच्याशिवाय उदाहरणच नाही. तो लिहिणारा माणूस नक्की जेवूनच बसला असणार.

"चौथीचं नंतर बघू," मी म्हणालो. "आधी पहिली मिळू दे."

मुलं हसली. मीही हसलो, पण हसलं की पोटात कळ येते हे मला त्या दिवशी नव्यानंच समजलं.

आमचं ज्युनिअर कॉलेज विनाअनुदानित होतं. म्हणजे वर्ग होते, फळा होता, घंटा होती, हजेरी होती, पगार नव्हता. तो सरकारनं द्यायचा होता आणि सरकार दर अधिवेशनात 'देऊ' म्हणायचं. मी तिथं अर्थशास्त्र शिकवायचो. अर्थशास्त्राचा मास्तर आणि बिनपगारी, यावर विनोद केला नाही असा माणूस आमच्या गावात उरला नव्हता. न्हाव्यानं केला, पिठाच्या गिरणीवाल्यानं केला, किराणावाल्यानं तर उधारीच्या वेळी रोज केला.

म्हणून आम्ही संप पुकारला होता आणि साखळी उपोषण धरलं होतं. साखळी म्हणजे आज एकानं उपाशी राहायचं, उद्या दुसऱ्यानं. त्या दिवशी माझी पाळी होती. कॉलेजला कुलूप होतं आणि बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. तेव्हा माझ्या वर्गातली मुलं एसटीनं तालुक्याला यायची आणि मंडपाच्या मागच्या बाजूला दप्तरं घेऊन बसायची. संघटनेचे तालुकाध्यक्ष काळुंखे सर यांना ते आधी पसंत नव्हतं. "संप म्हणजे संप, ढोणे सर. मंडपात शिकवायचं तर कॉलेजानं काय पाप केलंय?" पण मुलं बसली की मंडप भरल्यासारखा दिसतो आणि फोटो चांगला येतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी विषय काढला नाही.

माझं नाव बिभीषण. आमच्याकडं हे नाव सर्रास ठेवतात, पण संघटनेत या नावाच्या माणसाला फार जपून राहावं लागतं. कुठं फितुरी झाली की सगळ्यांचे डोळे आधी माझ्याकडं वळायचे. त्यामुळे मी घोषणा इतरांपेक्षा दुप्पट आवाजात द्यायचो आणि प्रत्येक ठरावाला सगळ्यात आधी हात वर करायचो.

चौथ्या भाकरीचं उत्तर मी जुळवत होतो तेवढ्यात आमचे आप्पा धावत आले. आप्पा रोज मंडपात यायचे. सावली होती, भाषणं होती, आणि मुलगा पुढारी झाल्याचा आनंद होता. पण त्यांना धावताना मी त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, गोठ्याला आग लागली तेव्हा.

"बिभ्या, ऊठ! पाव्हणं आलं!"

"कोण पाहुणे?"

"गोरोबा! पोरीला घिऊन आलाय! आन् पोरीचा मामा बी हाय संगं!"

मी उठून बसलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. उपासानं आली की बातमीनं, ते सांगता येत नाही.

माझं लग्न जमत नव्हतं. का जमत नव्हतं ते उघड आहे. मुलीकडचे यायचे, घर बघायचे, विहीर बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि शेवटी पगाराचं विचारायचे. आप्पा म्हणायचे, "सुरू व्हणार." पाहुणे म्हणायचे, "झाला की कळवा." माझ्याबरोबरचे सगळे लग्न होऊन लेकराबाळांचे झाले होते. मी मात्र प्रत्येक वरातीत पुढं नाचत होतो. गोरोबाकाकांच्या संजीवनीचा फोटो आला तेव्हा मी आप्पांना म्हणालो होतो, "एवढं एक जमवा. मग मला काही मागायचं नाही." लाज सोडून म्हणालो होतो. फोटोत ती कॅमेऱ्याकडं सरळ बघत होती आणि ती हसत नव्हती. मला ते फार आवडलं होतं. कारण विचारू नका. मलाही सांगता येणार नाही.

गोरोबाकाका पक्के निघाले. पुढच्या रविवारी येतो असा निरोप धाडून ते आधीच आले होते. बाजाराला म्हणून निघाले आणि मुलाची चौकशी करायला वाकडी वाट करून थेट कॉलेजवर गेले. तिथं कुलूप. शिपाई म्हणाला, सर तहसीलसमोर मंडपात बसलेत. असे ते मंडपात पोचले.

पुढं पांढऱ्या टोपीतले गोरोबाकाका, मागं जाड मिशीचे मामा आणि त्यांच्या मागं ती. माझ्या अंगात चुरगळलेला सदरा, दाढी वाढलेली, कपाळाला पुस्तकाचा वळ आणि डोक्यावर मोठ्या अक्षरांतला फलक: 'आता माघार नाही'.

"रामराम, सर," गोरोबाकाका म्हणाले.

"रामराम. बसा ना. सतरंजी आहे," मी म्हणालो. सतरंजी त्यांना दिसत होती.

सगळे बसले. संजीवनी माझ्यापासून थोड्या अंतरावर, आमच्या मुलींच्या शेजारी बसली. अस्मितानं तिला सरकून जागा दिली आणि मग सगळा वर्ग पुस्तकं मिटून आमच्याकडं तोंड करून बसला. इतकं लक्ष त्यांनी माझ्या तासाला कधी दिलं नव्हतं.

आप्पांना पाहुणचाराशिवाय दम निघत नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी समोरच्या हॉटेलातून पोह्यांच्या बशा मागवल्या. हॉटेलातला माणूस ताट घेऊन आला आणि त्यानं सगळ्यांपुढं एकेक बशी ठेवली. माझ्यापुढंही ठेवली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. बघण्याच्या वेळी पोह्यांना पहिला हात मुलानं लावायचा. त्यानं लावला की मग पाहुणे खातात. मुलानं बशीला हातच लावला नाही, तर मुलगी पसंत नाही असा त्याचा सरळ अर्थ. तोंडानं कुणी काही बोलत नाही. पाहुणे पाणी पितात आणि उठतात.

आणि दुसरी रीत काळुंखे सरांची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात आमचे एक सर पाळीच्या दिवशी मंडपामागं भजी खाताना सापडले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली मथळा, 'उपोषणकर्ते गुरुजी भजी खाताना'. संघटनेची तालुकाभर छी-थू झाली. तो फोटो काढणारा वार्ताहर आत्ताही मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता, गळ्यात कॅमेरा अडकवून.

मी बशीकडं पाहिलं. वर ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती, लिंबाची फोड होती. वाफ येत होती. मग मी संजीवनीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. बशीकडं बघत होती.

"घ्या की, सर," गोरोबाकाका म्हणाले.

काळुंखे सर माझ्या कानाशी वाकले. "ढोणे सर, एक शीत जरी तोंडात गेलं तरी आंदोलन संपलं."

"काका," मी म्हणालो, "माझं आज उपोषण आहे."

"असं व्हय!" गोरोबाकाकांचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं न्हाई का? ओ, हाटेलवाले, साबुदाणा हाय का? सरांचा उपास हाय."

"तसा उपास नव्हे," काळुंखे सर म्हणाले.

"मग कसा? कंच्या देवाचा?"

"सरकारचा," आप्पा म्हणाले.

"सरकारला साबुदाणा चालत न्हाई?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काळुंखे सरांनी मग त्यांना साखळी उपोषण म्हणजे काय, अनुदान म्हणजे काय, शासन निर्णय म्हणजे काय हे सगळं समजावून सांगितलं. ते बोलत होते तोवर पोहे निवत होते. मामांचा चेहरा मात्र हळूहळू कठीण होत गेला. "म्हंजे पगार न्हाई म्हणून मास्तर उपाशी बसलाय," ते म्हणाले. "आन् आपण पोरगी द्यायला आलोय. दाजी, उठा."

 मला त्या वयात एक खोड होती. प्रसंग बिकट झाला की मला भाषण सुचायचं.

"मामा, जरा ऐका," मी म्हणालो. "मला या बशीतलं सगळं खायची इच्छा आहे. बशीसकट खाईन. पण मी आज शब्द दिलाय. आज जर मी पाहुण्यांसाठी शब्द मोडला, तर उद्या तुमच्या भाचीला दिलेला शब्दही कुणासाठी तरी मोडेन. असा माणूस तुम्हाला चालेल का?"

 मलाच माझं बोलणं इतकं आवडलं, की मी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

गोरोबाकाकांनी टोपी सारखी केली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "मानूस शब्दाचा हाय. पगार काय, आज न्हाई तर उद्या."

"पर बशीला हात?" मामा आपली रीत सोडायला तयार नव्हते. "हात तर लावाय पायजे."

"हात लावायला आमची हरकत नाही," काळुंखे सर म्हणाले. "खायला आहे."

मग मी सगळ्यांदेखत बशीच्या कडेला दोन बोटं लावली. वार्ताहरानं फोटो काढला. आप्पांनी डोळे पुसले. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडाला असं काही पाणी सुटलं, की मला बराच वेळ बोलता येईना.

स्थळ जमलं होतं. आप्पा आणि गोरोबाकाका देण्याघेण्याचं, कार्यालयाचं बोलायला लागले. मामाही सैल झाले आणि हरभऱ्याचं पीक यंदा कसं आहे ते सांगायला लागले. इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी आनंदात होतो, उपाशी होतो, आणि ती अजून माझ्याकडं बघत नव्हती. तिनं एकदा तरी बघावं असं मला फार वाटत होतं.

"तुम्हाला वाटेल, हे मास्तर नुसते उपाशी बसतात," मी मामांना सांगायला लागलो, पण आवाज तिला ऐकू जाईल इतका ठेवला. "तसं नाही. आमच्या हातात हुकमाचं पान आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काय केलं, माहीत आहे? बारावीच्या पेपर तपासणीवर बहिष्कार!"

"म्हंजे?"

"म्हणजे परीक्षा झाली की बोर्डाकडून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आमच्या घरी येतात. आम्ही ते सोडलेच नाहीत. आले तसे पडून. महिना झाला, दीड महिना झाला, सरकार घायकुतीला आलं! मंत्र्यानं स्वतः बोलावून चर्चा केली."

"लई भारी," मामा म्हणाले.

"माझ्याकडचे गठ्ठे कॉटखाली होते," मी म्हणालो. मी आता रंगात आलो होतो. "एक दिवस आप्पा वाकून बघतात तर काय, आमच्या मांजरीनं त्यावर चार पिलं घातलेली! मी म्हणालो, असू द्या. पेपरांचा आजवर कुणाला तरी उपयोग झाला का?"

सगळे मोठ्यानं हसले. ही गोष्ट मी जिथं जिथं सांगितली होती तिथं लोक हसले होते. काळुंखे सर तर ती भाषणात वापरायचे.

संजीवनीनं बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. फोटोत बघत होती तसंच सरळ.

"माझा पेपर बी असाच कुणाच्या तरी कॉटखाली असंल," ती म्हणाली.

"अं?"

"त्या वर्षी मी बारावीला होते."

हसणारे एकेक करून थांबले. आप्पा सगळ्यात शेवटी थांबले. त्यांना ऐकू उशिरा येतं.

"निकाल लागला की हो नंतर," मी म्हणालो. "उशिरा का होईना, लागला."

"लागला. चांगला लागला. विजापूरला माझी आत्या हाय. तिथं नर्सिंगला नाव घालायचं ठरलं होतं, जागा धरून ठेवली होती. निकालाचा कागद दाखवायची मुदत होती. आत्या रोज फोन करायची, लागला का, लागला का. महाराष्ट्राचा निकाल लागंना म्हणून कर्नाटकातली शाळा कशाला थांबंल? दुसरीला घेतलं."

"दुसऱ्या वर्षी घालायचं होतं नाव," काळुंखे सर म्हणाले.

"दुसऱ्या वर्षी आण्णा म्हणाले, आता लगीन. लोक विचारायला लागले. म्हणून आज हितं आले."

"संजे, गप," गोरोबाकाका म्हणाले. "पाव्हण्यात असलं काढत्यात व्हय?"

"त्यांनीच काढलं, आण्णा."

ते खरंच होतं. मीच काढलं होतं, तेही हौसेनं, तिला ऐकू जावं म्हणून आवाज चढवून.  एवढा वेळ भुकेनं कासावीस झालो होतो. आता भूक कुठं गेली ते कळेना.

"आम्हाला पण पगार नव्हता," मी म्हणालो. मला ते म्हणताना बरं वाटलं नाही, पण ते खोटंही नव्हतं. "दुसरं काय करणार होतो? निवेदनं दिली, मोर्चे काढले. कुणी बघत नव्हतं. गठ्ठे अडवले तेव्हा बघितलं."

"तुमचं खरं हाय," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला भाषण सुचलं असतं. "मास्तरांनी फुकट का शिकवायचं? मी तर म्हणते बसा उपाशी, काढा मोर्चा. पण गठ्ठे अडवले तवा सरकारनं तुमच्याकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलं?"

"आता सर बघत्यात की," मामा म्हणाले. कुणी हसलं नाही.

"यंदा बी अडवणार हाय का?" तिनं विचारलं.

मी काळुंखे सरांकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका. ठराव झालेला होता. मागच्याच बैठकीत, एकमतानं. अनुमोदन माझं होतं. अनुमोदनाला मी कधी मागं नसायचो. पण तो परीक्षा संपेपर्यंत बाहेर फोडायचा नाही असं ठरलं होतं.

'नाही' म्हणणं सोपं होतं. ती बहुधा हो म्हणाली असती, निदान गोरोबाकाका तरी म्हणाले असते. पण ज्या तोंडानं मी घटकाभरापूर्वी शब्दाचं भाषण केलं होतं, तेच तोंड घेऊन मी बसलो होतो.

"अडवणार," मी म्हणालो.

काळुंखे सरांनी कपाळाला हात लावला. "बिभीषण," ते पुटपुटले. नुसतं नाव घेतलं, पण अर्थ पोचला.

"मग मला हे स्थळ नको, आण्णा," ती म्हणाली.

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. गोरोबाकाका तिच्यावर ओरडले. "ह्यो नको, त्यो नको, किती जणांना नको म्हणायचं? दोन वर्सं घरात बसलीस. आता काय म्हातारी व्हईस्तवर बसवू?"

"विजापूरला धाडा."

"आन् लोकांनी तोंडात श्याण घालावं? लगीन ठरल्याबिगर तरणी पोरगी परमुलखात कशी ठिवायची?"

लगीन ठरल्याबिगर. हे दोन शब्द माझ्या रिकाम्या पोटात जाऊन बसले. मी हुशार माणूस नाही. हुशार असतो तर दुसरी नोकरी शोधली असती. पण वाट बघण्यात माझा हात धरणारा त्या तालुक्यात कुणी नव्हता. पगाराची बघत होतोच. त्यात आणखी एक.

"काका," मी म्हणालो, "ठरवूनच टाका की. आज सुपारी फोडा. लग्न ठरलेलं आहे म्हणून तुम्ही चारचौघांत सांगू शकाल. मग होऊ दे त्यांना नर्सिंग. लग्न नंतर करू."

"नंतर म्हंजे?" मामांनी विचारलं. "तीन-तीन वर्सं असत्यात त्या कोर्साला."

"मी थांबतो."

"पोरा, तुझं वय बघ," आप्पा कळवळून म्हणाले.

संजीवनी माझ्याकडं संशयानं बघत होती, आणि तिचं चुकत नव्हतं. "थांबतो म्हणता. तुमच्या संघटनेसारखं नव्हं ना? आश्वासन मिळालं की उठायचं?"

मागं मुलींपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग कुठवर थांबणार?"

"तुमचा निकाल लागेपर्यंत."

 तिनं खाली ठेवलेली बशी पुन्हा हातात घेतली आणि गार झालेले पोहे खायला लागली. मामा म्हणाले, "झालं. बोला सुपारीचं." हॉटेलाशेजारच्या पानवाल्याकडून सुपारी आणली. ती फोडायला काही सापडेना म्हणून मंडपाचा खुंटा ठोकायची हातोडी घेतली. काळुंखे सर माझ्यावर रागावलेले होते, पण माइक समोर असताना त्यांना राहवत नाही. त्यांनी नवरानवरीचं अभिनंदन केलं आणि त्याला जोडून अनुदानाची मागणीही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं सगळं झालं. ती विजापूरला गेली, शिकली, तिचा निकाल वेळेवर लागला आणि आमचं लग्न झालं. माझा पगार त्यानंतरही बरीच वर्षं 'सुरू होणार' होता. तोवर घर तिच्या पगारावर चाललं. दवाखान्यात लोक मला 'सिस्टरचे मालक' म्हणतात आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्या दिवशी मंडपात मी कसा शब्दाला जागलो आणि एका मुलीचं शिक्षण कसं मार्गी लावलं, हे मी अनेक समारंभांत रंगवून सांगितलं आहे. संजीवनी ऐकून घेते. सुपारीपाशी आलं की मी थांबतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

पण पाहुणे गेल्यावर आणखी थोडं झालं होतं. ते मी समारंभात सांगत नाही.

आप्पा पाहुण्यांना एसटीत बसवायला गेले होते. काळुंखे सर बाजूला जाऊन कुणाला तरी फोनवर, ठराव फुटला म्हणून सांगत होते. मी पुन्हा सतरंजीवर टेकलो, खुशीत होतो. मागं माझा बारावीचा वर्ग बसला होता, पुस्तकं अजून मिटलेलीच.

"सर," अस्मिता म्हणाली.

"बोल. चौथ्या भाकरीचं ना?"

"नाही, सर. आमचे गठ्ठे?"

मी तिच्याकडं पाहिलं. मग बाकीच्यांकडं पाहिलं. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते. त्यांच्यातला कोण कुठं नाव घालणार होता, कुणाची मुदत कधी होती, कुणाचा बाप पुढच्या वर्षी थांबणार होता, मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन वर्षं शिकवत होतो आणि विचारलं नव्हतं. आणि अख्ख्या वर्गासाठी काही सुपारी फोडता येत नाही.

"सर, आमचे पण अडवणार?"

"पान उलटा," मी म्हणालो. "पुढचा धडा काढा."

गुणी होती बिचारी. त्यांनी पान उलटलं.